क्लस्टरच्या २४ नोडांवर ४० जीबी कॉपी करायला अडीच तास: काही उपाय?

खारीगावकर

नमस्कार मंडळी. या विभागात हल्ली कोणता फोन घेऊ आणि एआय नोकऱ्या खाणार का, एवढंच चालू असतं, म्हणून जरा वेगळा विषय आणलाय.

महापेला एका छोट्या औषध-संशोधन कंपनीत मी क्लस्टर (एकत्र जोडलेले संगणक) सांभाळतो. म्हणजे प्रिंटर, वायफाय, सर्व्हर रूमचा एसी असं सगळंच गळ्यात आहे, त्यात हेही. एक हेड नोड (मुख्य संगणक), २४ कंप्युट नोड (जॉब चालवणारे), प्रत्येकात ६४ जीबी रॅम आणि एक एसएसडी. नेटवर्क साधं १ गिगाबिट. जॉब रांगेत (क्यूत) लावून नोडांना वाटायला स्लर्म. आमची शास्त्रज्ञ मंडळी प्रथिनांच्या डेटाबेसवर ब्लास्ट (जुळणारे क्रम शोधणारा प्रोग्रॅम) चालवतात. डेटाबेस साधारण ४० जीबीचा. तो प्रत्येक नोडच्या स्वतःच्या स्क्रॅच डिस्कवर असतो, कारण ब्लास्ट तो सगळा पुन्हा पुन्हा चाळत बसतं.

माझ्या आधीच्या माणसाची स्क्रिप्ट आहे. नोडांची यादी घ्यायची, एकेकाला एससीपी (नेटवर्कवरून एन्क्रिप्ट करून कॉपी) करायचं, संपलं की पुढचा. सव्वादोन-अडीच तास जातात. आठवड्यातून एकदा होतं तोवर कुणी विचारलं नाही. आता साहेबांना डेटाबेस रोज ताजा हवाय, आणि रोज अडीच तास क्यू बंद ठेवायला मंडळी तयार नाहीत. २४ एससीपी एकदम सोडून पाहिले. एकूण वेळ तितकाच, वर हेड नोडवर लॉगिन केलं की अक्षर उमटायला पाच सेकंद.

नवीन हार्डवेअरला यंदा पैसे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

नुसतीच_वाचक

एक बाळबोध प्रश्न. कॉपी करायचीच कशाला? हेड नोडवर एकदा ठेवा, एनएफएसने (एका यंत्राची डिस्क नेटवर्कवरून बाकीच्यांना वापरू देणारी सोय) सगळ्यांना दाखवा. आम्ही खारघरला जीनोमचं काम करतो, मानवी संदर्भ जीनोमची फास्टा फाईल ३ जीबीच्या वर, बीडब्ल्यूए या जुळवणीच्या प्रोग्रॅमचा इंडेक्स धरला की ८ च्या पुढे. सगळं एनएफएसवरच आहे आणि कुणाची तक्रार नाही.

पारसिक_बोगदा

@खारीगावकर, आधी गणित मांडा, मग टूल शोधा. १ गिगाबिट म्हणजे कागदावर १२५ एमबी प्रतिसेकंद, हातात पडतात ११० ते ११५. ४० जीबीला एका नोडमागे सहा मिनिटं. गुणिले २४, दोन तास तेवीस मिनिटं. तुमचं घड्याळ अगदी बरोबर आहे, स्क्रिप्टने काही पाप केलेलं नाही.

एकदम सोडले तरी हेड नोडमधून बाहेर पडणारी केबल एकच. तिच्यातून ४० गुणिले २४ म्हणजे ९६० जीबी जायलाच हवी. एकामागून एक पाठवा नाहीतर एकदम, केबलला फरक पडत नाही. उलट २४ एससीपी एकदम सांभाळताना हेड नोडवर ताण येतो. अक्षर उमटत नाही त्याचं कारण ते.

@नुसतीच_वाचक, प्रश्न बाळबोध नाही. एनएफएसनेही त्याच केबलमधून २४ जणांनी ४० जीबी वाचायची. फरक एवढाच की एकदा वाचलेलं नोडच्या रॅममध्ये राहतं, आणि दुसऱ्यांदा नेटवर्कवर जावं लागत नाही. तुमचे ८ जीबी रॅममध्ये आरामात मावतात म्हणून तक्रार नाही. यांच्याकडे ६४ जीबी रॅम, त्यात ४० चा डेटाबेस आणि वर जॉबची स्वतःची भूक. जरा ताण आला की कर्नल कॅशे (रॅममध्ये ठेवलेली प्रत) फेकून देणार, आणि पुन्हा सगळे हेड नोडच्या दारात उभे. लोकल कॉपीच बरी.

नुसतीच_वाचक

अच्छा, म्हणून आमचं चालतं होय! मला वाटायचं आमचा ॲडमिन फार हुशार आहे. :)

ट्रान्सहार्बर

आरसिंक वापरा की. बदललेलं तेवढंच जातं. सोप्पं.

पारसिक_बोगदा

ब्लास्टचा डेटाबेस नव्याने बांधला की नोंदींचा क्रम आणि ऑफसेट हलतात, मग जुन्या-नव्या फाईलीत सारखं किती सापडेल हा नशिबाचा भाग. आणि ते सापडवायला दोन्ही टोकांना अख्खी फाईल वाचावी लागते. ट्रिजेल आणि मॅकरस यांनी १९९६ मध्ये आरसिंक आणलं ते कूर्म गतीच्या लाइनींसाठी. लॅनवर मोठ्या फाईलींना पुष्कळदा डेल्टा (फक्त फरक पाठवणं) बंद करून सरळ अख्खी फाईल पाठवणंच लवकर होतं.

आरसिंकचा खरा फायदा वेगळाच आहे. ते आधी लपलेल्या तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झालं की नाव बदलतं. एससीपी सरळ जुन्या फाईलीच्या उरावर लिहितं. त्या वेळी एखादा जॉब ती फाईल मेमरीत मॅप करून बसला असेल तर अर्धं जुनं अर्धं नवं वाचतो, नाहीतर बस एरर देऊन आडवा होतो. खारीगावकर, तुमची क्यू बंद ठेवायला लागते ती त्यामुळेच ना?

खारीगावकर

बरोबर पकडलंत. क्यू बंद न ठेवता कॉपी केली आणि एका मॅडमचे रात्रभराचे निकाल चक्रावून टाकणारे आले, तेव्हापासून तो नियम पडलाय. हे सगळं मी यायच्या आधीचं.

जुना_खेळाडू

वाचून मौज वाटली. प्रश्न यंत्रांइतकाच जुना आहे. पुण्यात सी-डॅकचा परम ८००० आला १९९१ मध्ये, त्याच सुमारास इथे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात अनुपमची मालिका सुरू झाली. मग १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात स्टर्लिंग आणि बेकर यांनी १६ साधे ४८६ पीसी जोडून बेवुल्फ केलं, तेही १० मेगाबिटच्या इथरनेटवर. तेव्हापासून क्लस्टर म्हणजे बाजारात मिळणारे पीसी आणि एक स्विच, असं झालं, आणि प्रत्येक पीसीची डिस्क वेगळी असल्याने "सगळीकडे सारखं कसं ठेवायचं" हे दुखणं कायमचं मागे लागलं. आमच्या वेळी आरसीपी आणि आरडिस्ट होतं. पासवर्ड-बिसवर्डची भानगड नाही, डॉट-आर-होस्ट्समध्ये नाव घातलं की खुशाल या. आज कुणी तसं केलं तर सिक्युरिटीवाले उचलून नेतील.

तुमच्यासाठी सल्ला: झाडासारखं वाटा. हेड एकाला देतो, मग दोघे मिळून दोघांना, चौघे चौघांना.

पारसिक_बोगदा

+१ काका. हिशोब: १, २, ४, ८, १६, ३२. हेड धरून २५ यंत्रं पाच फेऱ्यांत उरकतात. सहा मिनिटांची एक फेरी, म्हणजे अर्धा तास. अडीच तासांवरून अर्ध्या तासावर, एक पैसा न घालता.

सहज_सुचलं

स्लर्म आहे म्हणताय तर त्याचं फाईल वाटणारं एसबीकास्ट का नाही? ते आतून झाडासारखंच वाटतं ना?

ट्रान्सहार्बर

वाटतं, पण जॉबच्या आत. तुम्हाला जे नोड मिळालेत त्यांच्यावरच. आम्ही रबाळेला वापरतो, प्रोग्रॅमची बायनरी जॉब सुरू होताना प्रत्येक नोडच्या टेम्पमध्ये टाकायला. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डिरेक्टरी घेत नाही, एकेक फाईलच, त्यामुळे टार करून (एका फाईलीत बांधून) पाठवायचं. आणि टाकलेली फाईल ते स्वतःहून पुसत नाही. आमच्याकडे कुणी एपिलॉगमध्ये (जॉब संपल्यावर चालणारी स्क्रिप्ट) पुसायचं घातलंच नव्हतं, टेम्प भरून नोड एकेक करून मान टाकायला लागले. आता प्रत्येक जॉबला खाजगी टेम्प देणारा प्लगइन लावलाय, जॉब गेला की टेम्प गेलं.

यांचा डेटाबेस मात्र सगळ्या जॉबांना सामाईक आहे. त्याला एसबीकास्ट म्हणजे जुलमाचा रामराम.

घणसोली_एक्स्प्रेस

झाड नको, साखळी करा. हेड ते नोड १, नोड १ ते नोड २, असं शेवटपर्यंत, पण अख्खी फाईल पोचायची वाट न बघता. तुकडा आला की एका हाताने डिस्कवर लिहायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच क्षणी पुढच्याला द्यायचा. स्लॅब टाकताना घमेली कशी हातोहात वर जातात, तसं. इथरनेट फुल डुप्लेक्स असतं, घेणं आणि देणं दोन्ही एकाच वेळी पूर्ण वेगाने होतं. त्यामुळे सगळ्या २४ नोडांना मिळून एका नोडच्या वेळेपेक्षा किंचित जास्त लागतो. सहाचे सात-आठ मिनिटं धरा.

करायला नेटकॅट (नेटवर्कवर पाठवायला), टी (प्रवाहाला दोन फाटे फोडायला) आणि टार एवढंच पुरतं. तयार हवं असेल तर डॉली नावाचं टूल आहे, झुरिकच्या ईटीएचमध्ये अख्ख्या डिस्का क्लोन करायला बनलेलं, तत्त्व हेच.

तोटा: मधला एक नोड मेला की त्याच्या मागचे सगळे उपाशी. म्हणून सुरू करण्याआधी कोण जिवंत आहे ते बघून यादी बनवायची. आणि नेटकॅटमध्ये एन्क्रिप्शन नाही, तेव्हा क्लस्टरच्या आतल्या बंदिस्त नेटवर्कवरच.

सहज_सुचलं

मल्टिकास्ट? एकदाच पाठवायचं, सगळ्यांनी ऐकायचं. यूडीपीकास्ट वगैरे.

घणसोली_एक्स्प्रेस

तत्त्वतः झकास. प्रत्यक्षात स्विचची मर्जी. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कोण ऐकतंय याची नोंद ठेवणं) चालू आणि क्वेरिअर (कोण ऐकतंय ते अधूनमधून विचारणारा) कुणीच नाही, ही जोडी छोट्या ऑफिसांत सर्रास दिसते. मग होतं काय, सुरुवातीला सगळं छान पळतं आणि २६० सेकंदांनी, म्हणजे चार मिनिटं वीस सेकंदांनी, स्विचच्या वहीतून गटाची नोंद उडते आणि प्रवाह बंद पडतो. प्रोटोकॉलचे ठरीव आकडेच तसे आहेत: १२५ चे दोन हप्ते आणि वर १०. छोट्या फाईलीवर चाचणी केली तर पास होतं, सहा मिनिटांच्या कॉपीत हमखास मरतं. लोक डिस्कला शिव्या घालत बसतात. क्वेरिअर चालू केला तर ठीक, पण मग सगळ्यात हळू नोडच्या चालीने चालावं लागतं हे उरतंच.

मिरची_लिंबू

टॉरेंट कुणी कसं नाही म्हटलं? ट्विटरने २०१० मध्ये आपल्या सर्व्हरांवर कोड टाकायला बिटटॉरेंटवरच मर्डर नावाची यंत्रणा केली होती. फेसबुकही दीडेक जीबीची बायनरी तशीच वाटायचं.

पारसिक_बोगदा

हजारो यंत्रं असतील, त्यातली काही कायम आजारी असतील, तर टॉरेंटसारखं दुसरं नाही. कुणी मेला तरी बाकीचे एकमेकांकडून तुकडे घेतात. २४ नोडांना ट्रॅकर, सीडर, क्लायंट हा संसार मांडायचा म्हणजे जरा जास्तच. शिवाय फायरवॉलच्या लॉगमध्ये टॉरेंट दिसलं की आयटी सुरक्षेचा मेल साहेबांना जातो, आणि मग तीन मीटिंगा.

खारीगावकर

सगळ्यांचे आभार. ज्येष्ठांचा मान म्हणून आधी झाड करून पाहिलं. पहिल्या चार फेऱ्या बऱ्यापैकी ठरल्या वेळेत, पाचवी रेंगाळली ती रेंगाळलीच. एकूण तासाच्या जवळ गेलं. गणितात अर्धा तास येतो. अजून वीस-पंचवीस मिनिटं कुणी खाल्ली?

घणसोली_एक्स्प्रेस

स्विच किती पोर्टचा आहे?

खारीगावकर

२४ पोर्टचा. म्हणजे दोन आहेत. एक वर, एक खाली.

घणसोली_एक्स्प्रेस

तेच म्हटलं. २४ नोड आणि एक हेड, २५ यंत्रं, एका स्विचमध्ये बसेनात. ज्याने रॅक लावून दिला त्याने दुसरा स्विच खाली टाकला, आणि दोघांच्या मध्ये एक केबल. किती गिगाबिटची?

खारीगावकर

सर्व्हर रूममध्ये जाऊन बघून आलो. निळी साधी पॅच कॉर्ड, एकच. दोन्ही टोकांना १ गिगाबिट. आणि नोडांची वाटणी बघून हसूच आलं: विषम क्रमांक वरच्या स्विचवर, सम खालच्या. बहुतेक वायर नीट दिसाव्यात म्हणून.

घणसोली_एक्स्प्रेस

मग उत्तर मिळालं. पाचव्या फेरीत नऊ कॉप्या एकदम चालतात. तुमची यादी क्रमाने असेल तर त्यातल्या कित्येक एका स्विचवरून दुसऱ्यावर जात असणार, आणि त्या सगळ्यांना मिळून ती एक निळी केबल.

साखळी करताना तर हे जास्त सांभाळा. ०१, ०२, ०३ अशी साखळी केलीत तर प्रत्येक उडी स्विच ओलांडते. तेवीस उड्यांपैकी बारा खाली, अकरा वर, आणि केबल दोन्ही दिशांना एकेकच गिगाबिट. वेग बाराव्या हिश्शावर येईल, म्हणजे तुमच्या जुन्या स्क्रिप्टच्या अर्ध्या वेळेत कसंबसं संपेल. त्याऐवजी आधी सगळे विषम, मग सगळे सम. साखळी ती केबल एकदाच ओलांडते. यादीचा क्रम बदलायला पैसे पडत नाहीत.

नुसतीच_वाचक

हे वाचून आमच्या रॅकमागे जाऊन वायरी मोजाव्याशा वाटतायत. वाचनखूण साठवली.

जुना_खेळाडू

वा! झाड पडलं, साखळी जिंकली. म्हाताऱ्याचा सल्ला तासभराने फुकट गेला. :)

मिरची_लिंबू

रच्याकने, प्रथिनांचा डेटाबेस आहे तर पाठवताना दाबून का नाही पाठवत? अमिनो आम्लं २०, एकेकाला सव्वाचार-साडेचार बिट पुरतात, फाईलीत मात्र प्रत्येकी अख्खा बाइट. क्रमांच्या भागात जवळजवळ निम्मं वाचायला हवं. झेडएसटीडी या दाबायच्या टूलची सगळ्यात हलकी पातळी गिगाबिटच्या केबलपेक्षा जलद चालते. हेडला एकदाच दाबायचं, प्रत्येक नोडने लिहिताना सोडवायचं. डीएनएच्या ब्लास्ट डेटाबेसला हे चालणार नाही, तो आधीच दोन बिटांत बांधलेला असतो.

ट्रान्सहार्बर

हे आवडलं. अवांतर: फाईली मोठ्या आहेत तोवर हे सगळं सुखाचं आहे. कुणी पायथनचं एन्व्हायर्नमेंट सगळ्या नोडांवर टाकायला सांगितलं की खरी परीक्षा. लाखाच्या घरात फाईली, बहुतेक चार-पाच केबीच्या. तिथे केबल रिकामी पडून असते आणि सगळा वेळ फाईल उघड, बंद कर, परवानग्या लाव यात जातो. एनएफएसवर ठेवलं तर त्याहून वाईट, २४ नोडांवर एकदम इम्पोर्ट सुरू झालं की प्रत्येक प्रोसेस शेकडो ठिकाणी "ही फाईल इथे आहे का" विचारत सुटते. एका स्क्वॅशएफएस फाईलीत किंवा ॲपटेनरच्या इमेजमध्ये बांधा आणि ती एकच फाईल साखळीतून सोडा. माउंट करून वापरा.

पारसिक_बोगदा

वेगाचं बरंच झालं. आता ज्याकडे कुणी बघत नाहीये ते. खारीगावकर, कॉपी चालू असताना एखादा नोड बंद असला तर तुमची स्क्रिप्ट काय करते?

खारीगावकर

"नो रूट टू होस्ट" छापते आणि पुढच्याकडे जाते. लॉग कुणी बघत नाही.

आणि हे विचारलंत ते बरं झालं, कारण मागच्या आठवड्यात एका मॅडमनी तक्रार केली की तोच क्रम, तीच सेटिंगं, पण कधी कधी दोन जुळण्या कमी येतात. त्यांनी प्रोग्रॅमवर संशय घेतलाय.

पारसिक_बोगदा

प्रोग्रॅमला सोडा. क्लस्टरशेल (सगळ्या नोडांवर एकच आज्ञा चालवणारं टूल) घाला, फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगातल्या लोकांनी बनवलेलं, फुकट आहे. त्याच्या क्लशने सगळ्या नोडांवर एमडी५ चेकसम (फाईलीतल्या मजकुरावरून निघणारा आकडा) काढा, आणि डॅश-बी लावायला विसरू नका. त्याने एकसारखी उत्तरं एका गटात येतात. नाहीतर चोवीस ओळी डोळ्यांनी जुळवत बसाल.

खारीगावकर

काढले. उत्तर दोन गटांत आलं. वर नोड[०१-१६,१८-२४], खाली एकटा नोड१७.

१७ ची रॅम बदलायला तो काढला होता. त्या रात्री कॉपी झाली, दुसऱ्या दिवशी हा परत आला, जुन्या डेटाबेससकट. स्लर्मच्या लेखी धडधाकट, म्हणून जॉबही घेत होता. ज्याचा जॉब १७ वर पडला त्याच्या जुळण्या कमी. मॅडमना फोन करून सांगितलं, त्यांचा विश्वासच बसेना.

पारसिक_बोगदा

यासाठी म्हणतो, नुसतं ढकलून भागत नाही, नोडने स्वतःही ओढून घेतलं पाहिजे. मी कसं करतो ते सांगतो, पटलं तर घ्या.

प्रत्येक नव्या डेटाबेसला तारखेच्या नावाची वेगळी डिरेक्टरी. जुन्याला हात लावायचा नाही. "चालू" नावाची सिमलिंक चालू तारखेकडे बोट दाखवते. साखळीने नवी डिरेक्टरी पोचली, चेकसम जुळला, की सिमलिंक फिरवायची. इथे एक खोच आहे: जुन्या लिनक्सवर एलएन डॅश-एसएफएन आधी जुनी पुसतं मग नवी करतं, मध्ये क्षणभर काहीच नसतं, आणि नेमक्या त्या क्षणी कुणाचा तरी जॉब सुरू होतो. दुसऱ्या नावाने सिमलिंक बनवून एमव्ही डॅश-कॅपिटल-टी ने तिच्यावर आणायची, ते एका झटक्यात होतं.

दुसरी खोच. ब्लास्टचा डेटाबेस अनेक खंडांत असतो. जॉबने "चालू" मधून पहिला खंड उघडला, तेवढ्यात तुम्ही सिमलिंक फिरवलीत, दुसरा खंड नव्यातला आला. म्हणून जॉबच्या सुरुवातीलाच रिअलपाथने खरा पत्ता काढून शेवटपर्यंत तोच वापरायचा. एवढं केलंत की क्यू बंद ठेवायची गरजच संपते. चालू जॉब जुन्यावर, नवे नव्यावर. डिस्कवर ४० ऐवजी ८० जीबी लागते एवढंच, आणि जुनी तारीख कुणी वापरत नाही ना ते बघून पुसायची.

तिसरं, नोड बूट होताना स्लर्मडी (नोडवर जॉब घेणारा स्लर्मचा भाग) सुरू होण्याआधी सिस्टमडीचं (बूट होताना सेवा सुरू करणाऱ्याचं) एक छोटं युनिट. हेडवरची तारीख बघायची, आपली जुळली तर पुढे जा, नाही जुळली तर आधी ओढून घे, तेही जमलं नाही तर स्लर्मडी सुरूच करायची नाही. १७ सारखा नोड क्यूत शिरूच शकत नाही. वर स्लर्मच्या हेल्थचेकमध्येही हीच तपासणी टाकून ठेवा.

घणसोली_एक्स्प्रेस

ओढून घेण्यात एक धोका. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली, लोकल जिथल्या तिथे उभ्या. वीज परत आली की सगळे नोड एकाच मिनिटाला जागे होतात. तोवर हेडवर नवी तारीख लागलेली असेल तर २४ जण एकदम आरसिंक घेऊन दारात. एसएसएचचं मॅक्सस्टार्टअप्स मूळचं १०:३०:१०० असतं. लॉगिन पूर्ण न झालेली दहा कनेक्शनं झाली की पुढच्यांतली तीस टक्के तो आपल्या मनाने तोडायला लागतो. कुठला नोड तुटेल ते दर वेळी वेगळं, म्हणून हे पकडायला महाकठीण. आकडा वाढवा आणि शिवाय प्रत्येक नोडला सुरुवातीला काही मिनिटांची कमीजास्त झोप द्या.

सहज_सुचलं

चेकसमबद्दल एक. कॉपी झाल्या झाल्या चेकसम काढला तर तो डिस्कवरचा निघतो की रॅममधला?

पारसिक_बोगदा

फार योग्य प्रश्न. ६४ जीबी रॅम आणि ४० जीबीची फाईल, म्हणजे नुकतंच लिहिलेलं बहुतांशी पेज कॅशेमध्येच असणार. चेकसम तिथूनच निघतो. नेटवर्कवर काही बिघडलं का ते कळतं, डिस्कवर नीट उतरलं का ते नाही. आधी सिंक (डिस्कवर उतरवणं), मग ड्रॉप-कॅशेस (रॅममधली प्रत फेकणं), मग चेकसम. एमडी५ ला गती नसेल तर एक्सएक्सहॅश घ्या, इथे शत्रू कुणी नाही, फक्त बिट पलटले का ते बघायचंय.

खारीगावकर

अपडेट. साखळी, आधी विषम मग सम, झेडएसटीडी हलक्या पातळीवर. तारखेची डिरेक्टरी आणि सिमलिंकही केली, क्यू आता बंद ठेवत नाही. हेड नोडवर अक्षरं लगेच उमटतात. बूटचं युनिट या शनिवारी घालतो, तेव्हा ऑफिसात कुणी नसतं.

वेळ पहिल्या दिवशी सहा मिनिटांच्या आत, पुढच्या दिवशी तेरा, परत सहाच्या आत, परत बारा. शोधलं तर नोड ०९. त्याची मूळची डिस्क गेली होती म्हणून कुणीतरी बाजारातून स्वस्तातली एसएसडी आणून बसवलीय. पहिले काही जीबी झरझर लिहिते, मग ५०-६० एमबीवर येते. एक दिवसाआड का ते मात्र कळलं नाही. तूर्त ०९ ला साखळीच्या शेवटी टाकलाय, म्हणजे त्याच्यामागे कुणी अडकायला नको.

घणसोली_एक्स्प्रेस

स्वस्त एसएसडीत थोडा भाग जलद लिहिण्यासाठी राखलेला असतो. तो भरला की मूळ चाल दिसते. रिकामी जागा जास्त असली की तो भागही मोठा मिळतो. तुमची जुनी तारीख पुसायची वेळ आणि हे दिवसाआड, जुळतंय का बघा.

पारसिक_बोगदा

आणि शेवटी टाकून उपयोग नाही. ०९ ने घेणं कमी केलं की त्याच्या आधीच्याचा टीसीपी बफर भरतो, मग टी अडतं, मग त्याच्या आधीचा. काही सेकंदांत हेडपर्यंत सगळी साखळी त्याच्याच चालीने चालते, तो मध्ये असो की टोकाला. साखळीतून काढाच त्याला. बाकीच्या २३ जणांचं झालं की बूटच्या युनिटमधलीच स्क्रिप्ट त्याच्यावर चालवा, शेजारच्या ०७ कडून ओढून घेऊ दे, शिवाय दोघे एकाच स्विचवर आहेत. तोवर त्याला स्लर्ममध्ये ड्रेन करून (नवे जॉब न देता) ठेवा.

खारीगावकर

शनिवारीच दोन्ही करतो. जुनी तारीख पुसायचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) खरंच दिवसाआडचा निघाला, आत्ताच बघितला.